आडनाव सोडा, आळी धरा : वसईच्या चर्चमधल्या जुन्या वह्यांतून पूर्वज शोधताना

आमच्या वसईत कुणी पूर्वजांच्या शोधाला लागलं की चर्चच्या ऑफिसात येऊन पहिलं वाक्य हेच बोलतं, "मला सगळे लोपीस काढून द्या." नाहीतर सगळे परेरा, सगळे डिमेलो. त्यातून कुणालाच काही काढून देता येत नाही. जुन्या वहीच्या एका पानावर चार लोपीस सहज सापडतात आणि त्या चौघांचं रक्ताचं नातं असेलच असं नाही. पोर्तुगीजांच्या काळात इथे बाप्तिस्मे झाले तेव्हा घराण्यांना पोर्तुगीज आडनावं मिळाली. ती बऱ्याचदा धर्मपित्याची (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धार्मिक जबाबदारी घेणाऱ्याची) किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याची असत. त्यामुळे एकाच गावात एकमेकांशी काही संबंध नसलेली घराणी एकाच आडनावाची झाली.

मी महसूल खात्यात कारकून होते. जन्मभर सात-बारा आणि फेरफार हाताळले, म्हणून जुना कागद कसा वाचायचा हे थोडंफार कळत होतं. निवृत्त झाल्यावर फादरांच्या परवानगीनं जुन्या वह्यांची सूची करायला बसू लागले आणि तिथून आमच्या घराण्याचा शोध सुरू झाला. आता ओळखीची-अनोळखी माणसं विचारायला येतात. त्यांना जे सांगते तेच इथे नीट लिहून ठेवते. सगळ्यात आधी हे : आडनाव सोडा, आळी धरा. आळी धरली की घर सापडतं आणि घर सापडलं की त्यात नांदायला आलेल्या बायका सापडतात. वंशावळीत कुणी न लिहिलेल्या या बायकाच तुम्हाला मागच्या पिढीत नेतात.

आधी घरात बसा

चर्चमध्ये जाण्याआधी घराण्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईजवळ निवांत बसा. पुरुषांना विचारलं तर ते जमिनीची गोष्ट सांगतात, बायका लग्नांची सांगतात. आपल्याला लग्नं हवी आहेत. आजी कुठल्या गावची, तिची बहीण कुठे दिली, मामा कोण, वरात कुठल्या आळीतून आली, घराला लोक काय म्हणत, विहीर कुणाच्या सामायिकीत होती, आळीच्या क्रुसाजवळ कुणाचं घर होतं. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. सन विचारू नका. सन कुणाला आठवत नाही, उगाच अंदाजानं काहीतरी सांगितलं जातं आणि मग तोच आकडा घरभर खरा ठरतो. "मोठी साथ आली तेव्हा आजोबा केवढे होते?" असं विचारा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, १९१८ साली इन्फ्लुएन्झा. या दोन साथींच्या आठवणी घराघरात पुढच्या पिढ्यांपर्यंत उतरल्या आहेत आणि त्यावरून वय काढता येतं.

मग घरातली हाकेची नावं लिहून काढा. बस्त्याव, इनास, मिंगेल, दुमिंग, पेद्रू, जुआंव, पास्कू, आंतोन. वहीत ही नावं अशी सापडणार नाहीत. पोर्तुगीज लिहिणाऱ्या पाद्र्यानं बस्त्यावला सेबास्तियांव लिहिलेलं असतं, लॅटिन लिहिणाऱ्यानं सेबास्तियानुस, आणि पुढे इंग्रजी आल्यावर तोच सेबेस्टियन होतो. जुआंव बाप्तिस्म्याच्या वहीत जोआंव, लग्नाच्या वहीत जोआनेस आणि दफनाच्या वहीत जॉन असू शकतो. माणूस एकच. आडनावांचंही तसंच : घोन्सालवीस, तुस्कानो, डिब्रिटो यांची स्पेलिंगं प्रत्येक पाद्र्यागणिक बदलतात. म्हणून प्रत्येक पूर्वजाच्या नावासमोर त्याची चार-पाच रूपं आधीच लिहून ठेवा. ऐनवेळी डोळा त्यावरच ठरतो.

पेट्या उघडा. जुन्या प्रार्थनापुस्तकाचं पहिलं कोरं पान, लग्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, मयतानंतरच्या स्मरणकार्डाचा मागचा भाग, सगळं बघा.

कुठलं चर्च?

आज तुमचं गाव ज्या धर्मग्रामात, म्हणजे ज्या चर्चच्या हद्दीत आहे, तिथेच जुन्या वह्या असतील असं धरून चालू नका. वस्ती वाढली तशी मोठी धर्मग्रामं फुटून नवी झाली आणि जुन्या वह्या मूळच्या चर्चमध्येच राहिल्या. पापडी, सांडोर, नंदाखाल, आगाशी ही सोळाव्या शतकापासूनची धर्मग्रामं. आपलं गाव पूर्वी कुठल्या चर्चला जोडलेलं होतं, हे चर्चच्या शताब्दीच्या स्मरणिकेत किंवा गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून कळतं.

थोडा इतिहास माहीत असायला हवा, नाहीतर नसलेल्या वह्या शोधण्यात वर्षं जातात. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. १५६३ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेनं ठराव केला की प्रत्येक धर्मग्रामाच्या पाद्र्यानं लग्नांची वही ठेवावी आणि बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता-धर्ममाता कोण होते तेही लिहून ठेवावं. मयतांची नोंद ठेवण्याचा नियम १६१४ च्या रोमन विधिग्रंथानं घातला. म्हणजे वसईत चर्चं उभी राहत होती त्याच काळात या वह्यांची पद्धत सुरू होत होती. पण १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. युद्धात चर्चं पडली, बरेच पाद्री निघून गेले, कागद विखुरले. म्हणून १७३९ च्या मागचं आपल्या गावातल्या वह्यांत मिळेल अशी आशा धरू नका. एकोणिसाव्या शतकातलं सलग मिळालं तरी पुष्कळ आहे, आणि त्यातून पाच-सहा पिढ्या उभ्या राहतात.

दुसरी गोष्ट कारभाराची. १७३९ नंतरही वसईची चर्चं गोव्याच्या आर्चबिशपांकडे राहिली आणि गोव्याहून येणारे पाद्री पोर्तुगीजमध्ये लिहीत राहिले. १८८६ साली पोर्तुगीज पाद्रोआदोचा, म्हणजे पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालचा, दमण धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) झाला, १९२८ साली तो मोडून त्यातला वसईकडचा भाग मुंबईत मिळवला, आणि १९९८ साली वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. हे सांगण्याचं कारण इतकंच की लग्नाच्या परवानग्या, सवलती, पाद्र्यांचे पत्रव्यवहार अशी धर्मप्रांताच्या पातळीवरची कागदपत्रं त्या त्या काळाप्रमाणे गोवा, मुंबई आणि वसई अशी वाटली गेली आहेत. चर्चची वही अर्ध्यावर थांबली तर पुढचा प्रश्न "कुठल्या बिशपच्या काळातली?" असा विचारायचा.

वेंगुर्ला, मालवण, सावंतवाडीकडच्या लोकांचा धागा बऱ्याचदा तेरेखोल नदी ओलांडून गोव्यातल्या बारदेशात जातो. सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ चा आहे, त्यामुळे तिथल्या चर्चनं हात टेकले की गोव्याकडे बघा. गोव्यातल्या जुन्या धर्मग्रामांच्या बऱ्याच वह्या पणजीच्या पुराभिलेखात आहेत. फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावरही गोव्याच्या चर्चवह्यांच्या पानांची छायाचित्रं आहेत. त्यात नाव टाइप करून काही सापडेल असं समजू नका. बरंचसं पानामागून पान उलटून बघावं लागतं.

ऑफिसात कसं जायचं

या वह्या म्हणजे सरकारी दफ्तर नाही. त्यांवर आपला हक्क नाही, आपल्याला त्या दाखवल्या जातात. चर्चच्या कायद्यानं त्या नीट जतन करण्याची जबाबदारी प्रमुख धर्मगुरूंवर टाकलेली आहे, जुन्या वह्यांचीसुद्धा. त्यामुळे फादर नाही म्हणाले तर रागावू नका, आणि फक्त ऑफिसातल्या मुलाशी ओळख आहे म्हणून मागच्या दारानं वही बघू नका.

साधा अर्ज लिहा. तुम्ही कोण, कुठल्या धर्मग्रामाचे, कुणाची नोंद शोधताय, अंदाजे कुठली दहा वर्षं, कुठली आळी, आणि हे कशासाठी. "आमचे सगळे पूर्वज" असं लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. "पणजोबा इनास, अमुक आळी, लग्न १८८५ ते १८९५ च्या दरम्यान" असं लिहिलंत तर ऑफिसातला माणूस स्वतःच वही काढून देतो. उपवासकाळ, पवित्र आठवडा, नाताळ आणि लग्नसराईचे दिवस टाळा. पावसाळाही टाळा. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडच्या हवेत कागद ओलसर होतो, पानं एकमेकांना चिकटतात आणि ती सोडवताना फाटतात. जानेवारी-फेब्रुवारीतली सकाळ उत्तम.

हात साबणानं धुऊन, कोरडे करून बसा. हातमोजे नकोत. मोज्यातून पानाची कड जाणवत नाही आणि पान फाटतं. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही, हे सांगायला नको, पण सवय असते. शाईचं पेन टेबलावर ठेवूच नका, पेन्सिल न्या. जुनी शाई लोहयुक्त असते, ती वर्षानुवर्षं कागद खाते, आणि काही पानांवर अक्षरांच्या जागी बारीक भोकंच उरलेली दिसतात. अशा पानांचा फोटो काढायची परवानगी मिळाली तर फ्लॅश बंद ठेवून, खिडकीचा उजेड बाजूनं येईल असं धरून काढा. फिकट झालेलं अक्षर तिरक्या उजेडात उठून दिसतं.

लग्नापासून मागे

लोक बाप्तिस्म्यापासून सुरुवात करतात. मी लग्नापासून करायला सांगते. लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडचे आईबाप, दोघांची गावं आणि साक्षीदार एका जागी मिळतात. लग्न वधूच्या चर्चमध्ये लागलं की वराच्या हे ठाऊक नसेल तर दोन्हीकडे बघा, कारण लग्नाआधी चर्चमध्ये ते जाहीर करायच्या घोषणा दोन्ही धर्मग्रामांत होत. घोषणांची वेगळी वही असली तर तीही मागा. लग्नाचं पान फाटलेलं असलं तरी घोषणेची नोंद शाबूत असू शकते.

लग्नावरून वयाचा अंदाज घेऊन मग बाप्तिस्म्याकडे जायचं. तिथे नोंदीइतकंच समासाकडे लक्ष द्या. १९०७ साली पोपच्या आज्ञेनं असा नियम झाला, आणि १९०८ च्या ईस्टरपासून तो लागू झाला, की माणसाचं लग्न झालं की त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोर समासात ते लिहायचं : कधी, कुठल्या चर्चमध्ये, कुणाशी. सासरी गेलेल्या मुलींच्या शोधात हा समास म्हणजे सोनं आहे. माझ्या आजीची एक बहीण लग्न होऊन कुठे गेली हे घरात कुणालाच आठवत नव्हतं. गिरीजच्या बाजूला तिचं घर होतं एवढंच सगळे म्हणत. तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी बारीक अक्षरात मुंबईतल्या एका चर्चचं नाव लिहिलेलं सापडलं आणि तिथून तिची नातवंडं सापडली. आज आमच्या घरच्या लग्नाला ती येतात.

पोर्तुगीज न येता पोर्तुगीज वाचणं

भाषा शिकायला लागत नाही. नोंद ठरलेल्या साच्यात असते आणि साचा डोळ्यात बसला की फक्त नावं उचलायची. सुरुवात तारखेनं, तीही अक्षरात : "आओस" म्हणजे अमुक तारखेस, मग "मेझ दे" म्हणजे महिना, मग "मिल ओइतोसेंतोस" म्हणजे अठराशे आणि पुढचे आकडे. सेतेंता सत्तर, ओइतेंता ऐंशी, नोव्हेंता नव्वद. नोव्हेसेंतोस दिसलं की नऊशे, म्हणजे विसावं शतक. त्यानंतर चर्चचं नाव, पाद्र्याचं नाव, मुलाचं नाव. मग "फिल्यो लेजितिमो दे" किंवा मुलगी असेल तर "फिल्या लेजितिमा दे", म्हणजे अमुकाचं औरस मूल, आणि त्यापुढे आईबाप. "पातेर्नो" आलं की वडिलांकडचे आजी-आजोबा, "मातेर्नो" आलं की आईकडचे. ही आजी-आजोबांची नावं सगळे पाद्री लिहीत नाहीत. ज्यानं लिहिली त्याला मनोमन आशीर्वाद द्या, कारण एका नोंदीत तीन पिढ्या मिळतात. शेवटी "पाद्रिन्यो" आणि "माद्रिन्या", म्हणजे धर्मपिता आणि धर्ममाता.

आणखी काही शब्द वारंवार येतात : "आल्देया" म्हणजे गाव, "बाइर्रो" म्हणजे वाडा किंवा आळी, "फ्रेगेझिया" म्हणजे धर्मग्राम, "नातुराल दे" म्हणजे मूळचा अमुक ठिकाणचा, "सोल्तैरो" अविवाहित, "व्हियूव्हो" विधुर, "व्हियूव्हा" विधवा, "लाव्हरादोर" शेतकरी, "पेस्कादोर" मासेमार. नावाआधी किंवा नंतर "दिफुंतो" दिसलं की तो माणूस नोंदीच्या वेळी हयात नव्हता. हा शब्द विसरू नका. वराचा बाप १८८९ च्या लग्नात दिफुंतो असेल आणि १८८४ च्या एखाद्या बाप्तिस्म्यात धर्मपिता म्हणून उभा असेल, तर त्याचं मरण कुठल्या पाच वर्षांत शोधायचं ते तुम्हाला आयतं कळलं.

संक्षेप सगळ्यांना अडवतात. नावाचं पहिलं अक्षर आणि वर उचलून लिहिलेलं शेवटचं अक्षर, एवढंच लिहायची पद्धत होती. फ आणि वर छोटासा को म्हणजे फ्रान्सिस्को, म आणि वर आ म्हणजे मारिया. महिन्यांचे संक्षेप तर भल्याभल्यांना फसवतात. सात आकडा आणि पुढे "ब्रो" लिहिलेलं दिसतं, ते सातवा महिना म्हणून जुलैत धरलं जातं. तो सप्टेंबर आहे. आठ आणि ब्रो म्हणजे ऑक्टोबर, नऊ आणि ब्रो नोव्हेंबर, आणि रोमन दहाची फुली आणि ब्रो म्हणजे डिसेंबर. रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू होई, त्यावरून ही मोजणी आली.

प्रत्येक नव्या पाद्र्याचं अक्षर शिकायला त्याच्या हातच्या सोप्या नोंदी आधी वाचा. ज्या गावाचं नाव तुम्हाला पाठ आहे ते त्यानं कसं लिहिलंय बघा. निर्मळ, भुईगाव, वाघोली, उमराळे ही नावं त्याच्या कानाला जशी ऐकू आली तशी त्यानं रोमन अक्षरांत बसवली आहेत. त्यांवरून त्याचा र कसा, ल कसा, न आणि उ यांत फरक कसा करतो, हे कळतं. मग अनोळखी नावाकडे वळा.

धर्मपिता, धर्ममाता आणि लग्नाची सूट

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. लोक आईबापांची नावं उतरवतात आणि धर्मपिता-धर्ममाता सोडून देतात. चर्चनं ती नावं लिहायला लावली यामागे कारण होतं. बाप्तिस्म्यानं मूल आणि धर्ममायबाप यांच्यात आध्यात्मिक नातं जडतं आणि त्या नात्यात लग्न चालत नसे. म्हणून कोण कुणाचा धर्मपिता याचा हिशेब ठेवणं पाद्र्याला भाग होतं. आपल्यासाठी त्याचा अर्थ असा की बाप्तिस्म्याच्या प्रत्येक नोंदीत घराण्याच्या जवळची दोन माणसं आपोआप टिपली गेली आहेत. ती सहसा चुलते, मामा, आत्या, मावशी, मामी असतात.

आमच्या पणजोबांच्या बापाचं नाव इनास. एका गावात, एका आडनावाचे, एकाच काळात मुलं होत असलेले तीन इनास वहीत सापडले. दोघांच्या बायकांची नावंही सारखीच होती. तारखांवरून काही ठरेना. मग मी तिन्ही घरांच्या सगळ्या मुलांचे बाप्तिस्मे एका मोठ्या कागदावर मांडले, आणि प्रत्येकासमोर धर्मपिता, धर्ममाता आणि आळी लिहिली. तेव्हा चित्र स्वच्छ झालं. एका इनासच्या घरी धर्मपिते नेहमी त्याच आळीतले, म्हणजे भावकीतले. दुसऱ्याच्या घरी वेगळ्याच आळीतले. तिसऱ्याच्या पहिल्या दोन मुलांची धर्ममाता सांडोर धर्मग्रामातली होती. आमच्या आजीनं सांगितलेल्या गोष्टींत एक सांडोरची मावशी सारखी येत असे. सांडोरच्या लग्नाच्या वहीत त्या धर्ममातेचं लग्न सापडलं, त्यात तिचे आईबाप सापडले, आणि तेच आईबाप आमच्या इनासच्या बायकोचे निघाले. पणजोबांच्या आईचं माहेर मिळालं. जमिनीच्या कुठल्याच कागदात ती बाई नव्हती.

लग्नाच्या नोंदीत रक्तसंबंधाची सूट दिल्याचा उल्लेख आला तर तिथे थांबा. जवळच्या नात्यात लग्न करायचं तर बिशपकडून परवानगी लागे आणि नात्याची पायरी लिहिली जाई. दुसरी पायरी म्हणजे वधूवरांचे आजी-आजोबा एक, तिसरी म्हणजे पणजी-पणजोबा एक, चौथी म्हणजे त्यांच्याही मागची पिढी एक. १९१८ साली चर्चचा नवा कायदा लागू झाला तोवर चौथ्या पायरीलाही सूट घ्यावी लागे. आळी लहान, घरं मोजकी, त्यामुळे अशा नोंदी सापडतात. आणि एका ओळीत दोन शाखा कुठे जुळतात ते पाद्री तुम्हाला सांगून टाकतो. त्या सुटीसाठी केलेल्या अर्जात कधी कधी आख्खी वंशावळ काढलेली असते. तो अर्ज चर्चमध्ये नसला तर धर्मप्रांताच्या कचेरीत चौकशी करा.

नावांची रीतही मदतीला येते. आमच्या घरात पहिल्या नातवाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवत आले आहेत, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. तुमच्या घरी काय रीत होती ते विचारा. पण एकट्या नावावरून नातं ठरवू नका. एखादं मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवत, म्हणजे एका घरात दोन पास्कू असतात, एक दोन महिन्यांचा होऊन गेलेला आणि दुसरा तुमचा पूर्वज.

मयतांच्या वह्या

या वह्या लवकर बघून होतात, पण सोडू नका. नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव, अंदाजे वय आणि मरणापूर्वीचे चर्चचे संस्कार मिळाले की नाही एवढं त्यात असतं. संस्कार न मिळता मरण आलं असं लिहिलेलं असेल तर मृत्यू बहुधा अचानक झालेला. "पार्व्हुलो" म्हणजे लहान मूल. १९१८ ची सप्टेंबर ते नोव्हेंबरची पानं एकदा तरी बघाच. इन्फ्लुएन्झानं मुंबई इलाख्यात हाहाकार केला होता आणि वंशावळीत अचानक तुटलेल्या बऱ्याच रेषांचं कारण तिथे सापडतं. दफनभूमीत जाऊन थडगी वाचण्यावर मात्र भिस्त ठेवू नका. आमच्याकडे जागा कमी, त्याच कबरी पुन्हा वापरल्या जातात.

वही संपली की

चर्चच्या वहीनं हात टेकले की महसुलाच्या कागदांकडे या. गाव नमुना १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. वारस फेरफारात मयत खातेदार आणि त्याचे वारस असतात, भाऊ कोण कोण होते हे त्यातून पक्कं होतं. जुनी पुस्तकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्याआधी वसई ठाणे जिल्ह्यात होती, म्हणून काही कागदांसाठी ठाण्यालाही विचारावं लागतं. जुन्या नोंदी मोडीत आहेत. मोडी येत नसेल तर राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग होतात, तिथे शिकता येतं, किंवा मोडी वाचणारा माणूस मिळतो. कुणबी नोंदींच्या शोधापासून असे वाचक बऱ्याच तालुक्यांत माहीत झाले आहेत. चर्चच्या वहीत आळी आणि आई मिळते, फेरफारात भाऊ आणि जमीन. दोन्ही कागद शेजारी ठेवले की शंका फिटतात. शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टरही बघा, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव पडताळायला ते बरं पडतं.

परदेशी संकेतस्थळांवर "भारतातले बाप्तिस्मे" म्हणून जे मोठे संग्रह दिसतात, त्यात ब्रिटिश सैनिक, अधिकारी आणि त्यांच्या कुटुंबांच्या नोंदी जास्त आहेत. वसईच्या वाडीवाल्या शेतकऱ्याच्या शोधासाठी तिथे पैसे घालवू नका.

लिहून कसं ठेवायचं

प्रत्येक नोंदीसाठी वेगळा कागद. वर धर्मग्राम, कुठली वही, कुठलं पान, कितवी नोंद. त्याखाली जे लिहिलंय ते जसंच्या तसं, आणि त्याच्याखाली तुमचा अर्थ. दोन्हीची सरमिसळ करू नका. आज तुम्हाला जो "पास्कोआल" वाटतोय तो उद्या दुसऱ्या कुणाला वेगळा दिसेल, आणि मूळ अक्षर उतरवलेलं नसेल तर पुन्हा वही उघडावी लागेल. न वाचलेल्या शब्दाच्या जागी अंदाज भरू नका, रेघ मारून ठेवा.

काही नोंदी वाचताना मन जड होतं. "पाइ इन्कोग्नितो", बाप अज्ञात, असं लिहिलेलं एखाद्या पूर्वजासमोर येतं, किंवा लग्न आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा यांत काही महिन्यांचंच अंतर असतं. त्या आईनं कशात दिवस काढले असतील हे आपल्याला माहीत नाही. ती आपलीच आहे. तिला वंशावळीत तिच्या पूर्ण नावानं, इतरांसारखंच लिहा, पण त्या नोंदीचा फोटो घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. दुसऱ्या घराण्याचं असं काही वाचनात आलं तर ते तिथेच ठेवायचं, शेजारणीलाही सांगायचं नाही. गेल्या शंभर वर्षांतल्या कुणाच्याच नोंदी मी इंटरनेटवर घालत नाही, हयात माणसांच्या तर मुळीच नाही. फादर पुढच्या माणसाला वही दाखवतील की नाही, हे आपण कसे वागलो यावर ठरतं.

काम एका टप्प्याला आलं की त्याची प्रत चर्चच्या ऑफिसात द्या, कागदावर छापून आणि पेन ड्राइव्हवरही. तुम्ही आळीप्रमाणे सूची केली असेल तर पहिल्यांदा तीच द्या. पुढच्या वेळी कुणी "आमचे सगळे लोपीस" विचारत आलं की ऑफिसातल्या मुलाला ती उघडून "तुमची आळी कोणती?" असं विचारता येईल, आणि मूळ वही कपाटातून काढायची गरज तेवढी कमी पडेल.